पॉइंट टू टू पिस्तुलाचा झिरो हलतोय? साइटचा स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

"काल सगळ्या दहाला बसत होत्या, आज सगळ्या डावीकडे आठला. पिस्तुलात काहीतरी बिघडलंय." रेंजवर हे वाक्य ऐकू आलं नाही असा आठवडा जात नाही. बोलणाऱ्याने तोवर बॅकसाइटचा, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेचा, स्क्रू चार-पाच क्लिक (टप्पे) फिरवलेला असतो. मग दुपारी ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) उजवीकडे जातो, स्क्रू पुन्हा उलटा फिरतो, आणि संध्याकाळपर्यंत मूळ झिरो, म्हणजे नेमाच्या जागीच गोळ्या लागतील अशी साइटची जुळणी, कुठे होता हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

क्लबातली २५ मीटरची स्पोर्ट्स पिस्तुलं सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे ही तक्रार इतक्यांदा हाताखालून गेली आहे की तिची वंशावळ पाठ झाली. बहुतेक वेळा साइट निर्दोष निघते. ऊन, घाम, एखादा सैल स्क्रू, काडतुसांचा बदललेला डबा, नाहीतर तेलाने माखलेली बॅरल (नळी), यांतलंच काहीतरी सापडतं. मराठवाड्यात राहणाऱ्याने हे घरच्या घरी ओळखायला शिकावंच, कारण पिस्तूल उघडून बसणारा जाणता आर्मरर गाठायचा तर आपल्यापैकी बहुतेकांना पुणे-मुंबई धरावी लागते. नांदेड-परभणीहून एवढा प्रवास करायचा आणि त्याने फोरसाइटचा (नळीच्या टोकाकडच्या उभ्या पात्याचा) स्क्रू आवळून पिस्तूल परत द्यायचं, हे खिशाला परवडत नाही.

खालचं सगळं पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची, रिमफायर (कडेवर आपटून पेटणाऱ्या काडतुसाच्या) टार्गेट पिस्तुलाबद्दल आहे, उघड्या साइटचं. २५ मीटरच्या स्पर्धेत रेड डॉट किंवा दुर्बीण चालत नाही, म्हणून तो विषय इथे घेतलेला नाही.

आधी लक्षण ओळखा

टार्गेटचा कागद फेकू नका, त्यावर अर्धं निदान लिहिलेलं असतं.

- ग्रुप घट्ट आहे, पण सगळाच्या सगळा एका बाजूला सरकलाय: प्रकाश, पकड किंवा साइट.
- ग्रुपचा मध्य जागेवर आहे, पण पसारा वाढलाय: डोळा, राउंड (काडतूस), मळलेली बॅरल, किंवा नेमबाज दमलाय.
- एकाच कागदावर दोन वेगळे ग्रुप, मध्ये मोकळी जागा: काहीतरी सैल आहे आणि दोन जागांवर जाऊन बसतंय. हे लक्षण दिसलं की मी थेट स्क्रूड्रायव्हर काढतो.
- सकाळी एक झिरो, दुपारी दुसरा: बहुधा ऊन.
- पहिल्या काही गोळ्या भलतीकडे, मग सगळं सुरळीत: बॅरलमध्ये तेल राहिलंय.
- चार गोळ्या छान, पाचवी दूर, आणि हे ठराविक मॅगझीन लावल्यावरच: त्या मॅगझीनचे ओठ, म्हणजे राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा.
- प्रिसिजनमध्ये (सावकाश मारताना) नीट, रॅपिडमध्ये (झटपट मारताना) खाली-डावीकडे: उजव्या हाताचा नेमबाज ट्रिगर ओढण्याऐवजी हिसकतोय. पिस्तुलाला दोष देऊ नका, कोच सरांकडे जा.

एक लक्षण मुद्दाम बाजूला काढलंय. गोळी झाडली, आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, हाताला धक्का जाणवला नाही आणि कागदावर छिद्र नाही, तर तिथेच थांबा. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. तिच्या मागून दुसरी झाडली तर बॅरल फुगते किंवा फाटते. नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा, हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. नळीच्या तोंडातून आत डोकावून बघायचं नाही, मग कितीही खात्री वाटो.

मिसफायरलाही हाच शिरस्ता. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरून निदान ३० सेकंद थांबा, कारण कधीकधी राउंड उशिरा पेटतो. मग रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली राउंड काढा आणि त्याची कड बघा. रिमफायरमध्ये पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो, फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. कडेवर खोल खूण असूनही पेटला नसेल तर त्या जागी मसाला पोहोचलेला नव्हता, म्हणजे दोष राउंडचा. खूण फिकट असेल तर पिनच्या वाटेत घाण आहे, स्प्रिंग थकली आहे, किंवा राउंड चेंबरमध्ये पुरता बसलेला नव्हता.

पुढच्या प्रत्येक तपासणीआधी मॅगझीन बाहेर, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) लावलेला. घरी तपासत असाल तर राउंडचा डबा दुसऱ्या खोलीत, कुलपात.

पहिली तपासणी: काहीही न फिरवता दहा गोळ्या

खर्च फक्त दहा राउंडचा. नवीन कागद लावा, पाच गोळ्या मारा, दोन मिनिटं पिस्तूल खाली ठेवा, पुन्हा पाच मारा. स्क्रूला हात नाही. दोन्ही ग्रुप एकाच जागी चुकले तर चूक स्थिर आहे, ती सापडेल. दोन्ही दोन दिशांना गेले तर साइट फिरवून काहीच साधणार नाही, कारण पिस्तूल किंवा हात प्रत्येक वेळी नवीन काहीतरी करतोय.

एका गोळीवरून क्लिक फिरवणारे पुष्कळ आहेत, शिकवणारेसुद्धा. मला हे मुळीच पटत नाही. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ २५ मिलिमीटरने बाहेर सरकतं. साधारण नेमबाजाचा हात एवढा तर सहज हलतो. एक गोळी नऊला गेली यावरून पिस्तुलाबद्दल काही कळत नाही.

वहीत तारीख, वेळ, ऊन कुठून होतं, राउंडचा लॉट नंबर आणि साइटचे क्लिक एवढं लिहा. लेकरांना हे लिहायचा कंटाळा येतो, पण वही नसेल तर पुढचं सगळं निदान अंदाजावर चालतं.

दुसरी: ऊन आणि साइटची चमक

मराठवाड्यातल्या उघड्या रेंजवरचा हा पहिल्या नंबरचा गुन्हेगार. नेमबाजाच्या डोळ्यात ऊन येऊ नये म्हणून रेंज शक्यतो उत्तरेकडे तोंड करून बांधतात. म्हणजे सकाळचं ऊन उजवीकडून, दुपारनंतरचं डावीकडून. फेब्रुवारीपासून पुढे हे ऊन नुसतं पडत नाही, समोरच्या पांढऱ्या मातीवरून आणि पत्र्यावरून उसळून साइटवर येतं.

ऊन फोरसाइटच्या एका कडेवर पडलं की ती कड चमकते आणि मागच्या उजेडात विरून जाते. डोळ्याला पातं दिसतं त्यापेक्षा अरुंद वाटतं, आणि उरलेला काळा भाग तो खाचेच्या मध्यभागी आणतो. खरं पातं मात्र चमकत्या बाजूला सरकलेलं असतं, आणि गोळी तिकडे जाते. वरची कड चमकली तर पातं बुटकं दिसतं, तुम्ही ते नकळत वर उचलता, गोळ्या वर चढतात. काहींचा डोळा चमकती कडच पातं म्हणून धरतो, त्यांचं सगळं उलट होतं. त्यामुळे शेजाऱ्याचा ग्रुप कुठे गेला यावरून आपले क्लिक ठरवू नका.

हे किती महाग पडतं ते एकदा मांडून बघा. टार्गेट पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण २२० मिलिमीटर धरलं, तर पातं खाचेत अवघं ०.१ मिलिमीटर सरकलं की २५ मीटरवर गोळी ११ मिलिमीटर सरकते. अर्धा मिलिमीटर सरकलं की ५७ मिलिमीटर, म्हणजे दहाच्या मध्यातून थेट आठमध्ये. याउलट साइट एकमेकांशी नीट जुळलेल्या असतील आणि सगळा हातच दोन सेंटिमीटर हलला, तर गोळीही दोनच सेंटिमीटर हलते. म्हणून टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, फोरसाइट धारदार दिसली पाहिजे.

उपाय देवघरात आहे. कापराची वडी जुन्या चमच्यात पेटवा आणि तिच्या धुरात फोरसाइटचं पातं व बॅकसाइटची मागची बाजू काही सेकंद धरा, ज्योतीत नाही, ज्योतीच्या वर. मखमलीसारखी बिनचमकेची काजळी बसते. पिस्तूल रिकामं, राउंड, तेल आणि सफाईचं द्रावण त्या जागेपासून दूर, आणि साइटमध्ये प्लास्टिकचा भाग असेल तर हा प्रयोग करायचाच नाही. साइट काळी करायचा स्प्रेही मिळतो, पण कापूर दहा रुपयांत महिनाभर जातो. काजळीला बोट लागलं की ती पुसली जाते, तेव्हा पिस्तूल पेटीत ठेवताना जपा. साधा मार्कर वापरू नका, त्याची शाई स्वतःच चमकते.

काजळी लावून पुन्हा दहा गोळ्या. परभणीकडच्या एका मुलीचा ग्रुप रोज दुपारी डावीकडे जायचा. घरच्यांनी नव्या पिस्तुलाची चौकशीसुद्धा सुरू केली होती. कापराच्या एका वडीने तो ग्रुप जागेवर आला.

तिसरी: पकड

रिकामं पिस्तूल नेहमीसारखं हातात घ्या, टार्गेटकडे धरा, डोळे मिटा, हात खाली नेऊन पुन्हा वर आणा, डोळे उघडा. पातं खाचेच्या मध्यभागी दिसलं पाहिजे. एका बाजूला दिसत असेल तर मनगट दर गोळीला ते ओढून मध्ये आणतंय, आणि दमल्यावर ओढणं थांबतं. मग शेवटच्या मालिकेत ग्रुप सरकतो आणि नाव साइटचं होतं.

आपल्याकडे पारा ४२-४३ वर गेला की तळहात सुजतो आणि घामाने सुटतो. डिसेंबरात परभणीच्या थंडीत तोच हात आखडतो. लाकडी ग्रिपच्या खालचं तळव्याचं फळकूट एका स्क्रूवर वरखाली होतं, ते उन्हाळ्यात जरा सैल आणि हिवाळ्यात जरा वर लागतं. पेन्सिलीने दोन्ही खुणा करून ठेवा. घामासाठी कोरडं फडकं पुरतं. टाल्कम पावडर रेंजवर आणू नका, ती पिस्तुलाच्या आत जाते.

काही जण फळकूट मनगटापर्यंत घट्ट आवळतात. स्पर्धेच्या तपासणीत त्यावर आक्षेप येतो, कारण मनगट मोकळं राहिलं पाहिजे.

चौथी: दुसऱ्या हाताने

रेंज ऑफिसरची परवानगी घेऊन, परवानाधारक समोर उभा असताना, एखाद्या भरवशाच्या नेमबाजाला त्याच पिस्तुलातून पाच-पाच गोळ्या मारू द्या. त्याचा ग्रुप लहान आला आणि मध्यापासून थोडा बाजूला गेला, तर पिस्तूल ठीक आहे. प्रत्येकाचा झिरो वेगळा असतोच. त्याचाही ग्रुप फाटला, तर पुढे वाचा. ही तपासणी फुकट आहे आणि तरी लोक ती टाळतात, कारण निकाल आपल्या विरोधात लागायची भीती असते.

पाचवी: स्क्रू, सगळे

इथे घाई करू नका. पॉइंट टू टूचा धक्का लहान असला तरी हजारो वेळा बसतो, आणि त्यात खड्ड्यांच्या रस्त्याने जीपच्या मागच्या सीटवर झालेला प्रवास मिळवा.

आधी फोरसाइट. पातं नखाने डावी-उजवीकडे ढकलून बघा. सूतभरही हललं तर तो दोष. मग बॅकसाइट: तिचं पान वरखाली आणि आडवं, दोन्ही दिशांनी हलवून बघा. आतल्या स्प्रिंगच्या जोरावर ती किंचित दबते, ते चालतं, पण सोडल्यावर तिने त्याच जागी परत आलं पाहिजे. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर दोन ग्रुपचं कोडं तिथेच सुटलं. नंतर ग्रिपचा स्क्रू. ग्रिप सैल असेल तर पिस्तूल हातात दर गोळीला नव्याने बसतं. क्लबाच्या एका पिस्तुलाने महिनाभर दोन ग्रुप टाकून सगळ्यांना छळलं, आणि सैल निघाला तो फोरसाइटखालचा छोटा स्क्रू, जो पातं काढल्याशिवाय दिसतच नव्हता.

स्क्रूच्या मापाचाच पाना किंवा स्क्रूड्रायव्हर घ्या. सायकलच्या पेटीतला जवळपास बसणारा पाना स्क्रूचं डोकं खातो, आणि एकदा डोकं गेलं की तो स्क्रू आर्मररलाही सहज निघत नाही. बॅरल धरून ठेवणारे स्क्रू किती जोराने आवळायचे हे ज्या त्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका नसेल तर त्यांना हात लावू नका, फक्त सैल आहेत का एवढं बघा.

आवळून झालं की स्क्रूचं डोकं आणि शेजारचं लोखंड यांवरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू फिरला की रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. घरात नेलपॉलिश नसेल असं घर मी तरी पाहिलेलं नाही. स्क्रूवर कायमचा चिकटवणारा डिंक घालू नका, साइट पुन्हा कधीतरी सोडवावी लागणारच.

सहावी: मॅगझीन आणि राउंड

मॅगझीनवर १, २, ३ असे आकडे टाका आणि दूर गेलेली गोळी कोणत्या मॅगझीनमधली होती ते वहीत लिहा. पॉइंट टू टूची गोळी मऊ शिशाची असते. मॅगझीनचे ओठ वाकलेले असतील तर राउंड तिरका वर येतो, गोळीचं नाक चेंबरच्या कडेवर घासतं, आणि घासलेली गोळी सरळ जात नाही. मॅगझीन एकदा सिमेंटच्या फरशीवर पडलं की त्याच्यावर नजर ठेवा. ओठ पक्कडीने सरळ करायला जाऊ नका. मॅगझीन बदलावं लागतं.

राउंडबद्दल सगळ्यात जास्त गप्पा होतात आणि त्यांतल्या बऱ्याच फोल असतात. "या लॉटचा वेग कमी-जास्त आहे, म्हणून वरखाली जातात" हे नेहमीचं. पिस्तुलाच्या आखूड नळीतून गोळी साधारण २८० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते असं धरा. २५ मीटर जाईपर्यंत ती जेमतेम ४ सेंटिमीटर खाली येते. वेगात २० मीटर प्रति सेकंदांचा फरक पडला तरी त्या उतारात पाच-सहा मिलिमीटरचाच फरक होतो. तेवढ्याने दहाची गोळी सात होत नाही. राउंडने खरा फरक पडतो तो पसाऱ्यात: एखाद्या बॅरलला एक राउंड मानवतो, दुसरा मानवत नाही, आणि हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही. ब्रँड बदलला की गोळीवरचं मेणही बदलतं, त्यामुळे पहिल्या दहाएक गोळ्या हिशेबात धरू नका.

आपल्याकडची खास भानगड उष्णतेची. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत राउंडचा डबा राहिला की गोळीवरचं मेण पातळ होऊन ओघळतं, त्याला धूळ चिकटते, आणि तीच धूळ चेंबरमध्ये जाऊन बसते. मग राउंड नीट बसत नाही, मिसफायर होतात. शिवाय गाडीत दारूगोळा सोडून जाणं परवान्याच्या दृष्टीनेही धोक्याचं. डबा घरात, सावलीत, कुलपात.

सातवी: सफाई, पण बेताने

दोन टोकं दिसतात. काहींनी वर्षभर बॅरल पुसलेली नसते, काही रोज रॉड घालून घासतात. पॉइंट टू टूची बॅरल गोळ्यांपेक्षा वेड्यावाकड्या रॉडने जास्त खराब होते असं जुने नेमबाज सांगतात, आणि मला ते पटतं. नळीच्या तोंडाची आतली कड गोळीला शेवटचा स्पर्श करते. त्या कडेला एका बाजूने ओरखडा पडला की मागून सुटणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. म्हणून चिंधी किंवा सफाईची नमद्याची गुंडी नेहमी चेंबरकडून तोंडाकडे ओढा, दोरीने. तोंडाकडून रॉड खुपसायचा नाही.

चेंबर वेगळं पुसा. तिथे मेण, काजळी आणि शिसं यांचं कडं जमतं, राउंड पुरता आत जात नाही. पितळी ब्रश फार जोरात फिरवू नका. एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखालची घाण दात कोरायच्या काडीने निघते.

तेल अगदी थोडं. बॅरलमध्ये तेल लावलं असेल तर मारण्याआधी कोरड्या चिंधीने पुसा, नाहीतर पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात. आणि कृपा करून खोबरेल तेल नको. ते २४ अंशांखाली गोठायला लागतं, हे थंडीत डोक्याला लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फायरिंग पिनच्या वाटेत ते गोठलं की पिन मंद आपटते आणि डिसेंबरातल्या सकाळी एकामागून एक मिसफायर होतात. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशिनचं तेल चालतं. घासलेटने धुतलं तर ते पूर्ण पुसून वर तेलाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात गंज येतो.

सफाईनंतर साबणाने हात धुवा, मगच चहा-भाकरी. गोळीत शिसं आहे आणि राउंडच्या मसाल्यातही शिशाचं संयुग असतं.

झिरो ठरवण्याआधी पाच-दहा गोळ्या सोडून द्या, बॅरल पुन्हा मेणाने माखली की ग्रुप बसतो.

आठवी: चाळिशी

वय चाळिशीच्या पुढे असेल आणि ग्रुप हळूहळू फाटत गेला असेल, तर पिस्तूल बाजूला ठेवा. फोरसाइट हाताच्या अंतरावर असते, दूरच्या चष्म्यातून ती धूसर आणि वाचायच्या चष्म्यातून टार्गेट गायब. दुहेरी चष्म्यात मान वर करून खालच्या भागातून बघण्याची सवय लागते आणि मान प्रत्येक वेळी वेगळी वाकते. दूरच्या नंबरात ०.५० ते ०.७५ प्लस मिळवलेली एकच काच नेमाच्या डोळ्याला बहुतेकांना पुरते. डोळे तपासणाऱ्याला डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचं अंतर सांगा. सुतळीने मोजून न्या, पिस्तूल घेऊन चष्म्याच्या दुकानात जाऊ नका.

नववी: आता साइट

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच साइटची परीक्षा. यात राउंड जातात आणि राउंड स्वस्त नाहीत, म्हणून ही इतकी मागे ठेवली.

पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या मारा. बॅकसाइट दहा क्लिक उजवीकडे, पाच गोळ्या. दहा क्लिक वर, पाच. दहा डावीकडे, पाच. दहा खाली, पाच. नेम सगळा वेळ एकाच जागी. चार कोपरे चौकोनात पडले पाहिजेत आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर. कोपरे वाकडे आले किंवा शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला नाही, तर साइटच्या आतला आटा किंवा स्प्रिंग झिजली आहे.

थोडी ढिलाई जवळपास प्रत्येक वापरलेल्या साइटमध्ये असते. त्यावर तोड अशी की हवं तिथे पोहोचताना नेहमी एकाच दिशेने पोहोचा. उजवीकडे दोन क्लिक हवे तर दोन मारा. डावीकडे दोन हवे तर चार डावीकडे जाऊन दोन उजवीकडे परत या.

बॅकसाइट ज्या दिशेला सरकते त्याच दिशेला गोळ्या सरकतात. पण स्क्रूवरच्या अक्षरांवर विसंबू नका. काही युरोपीय पिस्तुलांवर अक्षर "गोळी तिकडे न्यायची असेल तर" या अर्थाने असतं, काहींवर "गोळी तिकडे जात असेल तर" या अर्थाने, म्हणजे नेमकं उलट. पाच क्लिक फिरवा, पाच गोळ्या मारा, आणि खरी दिशा वहीत मराठीत लिहून ठेवा. एका क्लिकने २५ मीटरवर किती मिलिमीटर फरक पडतो तेही याच कागदावर मोजता येतं.

इथे थांबा

पुढचं काहीही आढळलं तर पेटी बंद करा आणि आर्मरर गाठा: बॅरल फ्रेममध्ये हलतेय. बॅरलवर बाहेरून फुगवटा किंवा आतून काळी आडवी कडी दिसतेय. नळीच्या तोंडाच्या कडेवर ओरखडा आहे. फ्रेमला किंवा बोल्टला तडा आहे. एका ट्रिगरला दोन गोळ्या सुटल्या. ट्रिगर न दाबता हॅमर पडला. सफाईनंतरही पिनची खूण फिकटच येतेय. चेंबरच्या तोंडाशी पिनने खळगा पाडलाय, हा रिकाम्या चेंबरवर वारंवार ट्रिगर दाबल्याचा परिणाम, कारण बऱ्याच रिमफायर पिस्तुलांत समोर कड नसली की पिन थेट लोखंडावर आपटते. ड्राय फायरिंगचा सराव हवा असेल तर पिस्तुलाला त्याची वेगळी सोय आहे का ते पुस्तिकेत बघा.

ट्रिगरचे आतले स्क्रूही याच यादीत. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगर किमान १००० ग्रॅमचं वजन उचलणारा असावा लागतो. तो हलका करण्याच्या नादात आतली पकड इतकी कमी केलेली पिस्तुलं येतात की टेबलावर जरा जोरात ठेवलं तरी हॅमर पडावा. वजन टांगून ट्रिगर मोजणं तुमचं काम, आत हात घालणं नाही.

गावातला लेथवाला कितीही कुशल असो, शेतीची अवजारं डोळे मिटून बनवत असो, त्याच्याकडे पिस्तूल न्यायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. बिनपरवाना माणसाच्या हातात पिस्तूल दिलं तर तो अडकेल आणि तुम्हीही. त्याचा एक कानस-फटका बॅरलच्या तोंडाला लागला की ती बॅरल गेलीच.

आर्मररकडे जाताना परवान्याची मूळ प्रत, पिस्तूल आणि राउंड वेगवेगळ्या कुलूपबंद पेट्यांत, आणि सोबत कागद: दहा गोळ्यांचा, दुसऱ्या हाताचा, साइटच्या चौकोनाचा. "नीट लागत नाही" एवढंच सांगितलं तर तो पहिला दिवस तुमच्याच तपासण्या पुन्हा करण्यात घालवतो. पिस्तूल ठेवून यायचं असेल तर त्याच्या दुकानाच्या परवान्याचा क्रमांक आणि पिस्तुलाचा क्रमांक असलेली पावती घ्या.

परत आल्यावर जुन्या वहीतले क्लिक विसरा. साइट सोडवून पुन्हा बसवली असेल तर ते आकडे लागू नाहीत. नेलपॉलिशच्या रेघा नव्याने ओढा आणि पहिल्या तपासणीपासून सुरुवात करा, सकाळच्या उन्हात एकदा आणि चारनंतर एकदा.